दोन देशांच्या घट्ट मैत्रीवर वर्तमानपत्रांत जे अग्रलेख येतात, ते कितपत खरे मानावेत?

तुम्ही प्रश्नात इंग्लंड आणि पोर्तुगालचं उदाहरण दिलंय. जगातली सर्वात जुनी मैत्री म्हणून हिचं एवढं कौतुक छापून येतं, मग १९६१ मध्ये भारताने सैन्य पाठवून पोर्तुगालकडून गोवा घेतला तेव्हा इंग्लंड धावून का गेलं नाही, असं तुम्ही विचारलंय. मी गोव्यातल्या फोंड्याचा आहे. या मैत्रीची झळ आमच्या घराला लागलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. अशा अग्रलेखातून लिहिणाऱ्याच्या देशात त्या आठवड्यात काय हवा आहे ते कळतं. करार किती पक्का आहे ते कळत नाही, कारण ते बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

या मैत्रीचा पहिला तह १३७३ चा, दुसरा विंडसरचा १३८६ चा. आपला संबंध येतो तो १६६१ च्या तहाशी. ब्रागांझा घराण्यातली कॅथरीन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा हा तह. आंदणात मुंबई दिली, एवढं आपण शाळेत शिकतो. शाळेत न सांगितलेला भाग असा की त्याच तहात एक गुप्त कलम होतं. पोर्तुगालच्या सगळ्या वसाहतींचं आजच्या आणि पुढच्याही शत्रूंपासून इंग्लंडने रक्षण करायचं, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे ज्या तहाने मुंबई इंग्रजांना गेली, त्याच तहाने गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेला हमी मिळाली. बरोबर ३०० वर्षांनी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार इंग्लंडच्या या जुन्या शब्दाच्या भरवशावर लंडनकडे बघत होता.

गोव्यात तेव्हा आंतोनियु द मेलु इ काश्त्रु हा व्हाइसरॉय होता. मुंबई सोपवायला त्याने दोन वर्षांहून जास्त काळ टाळाटाळ केली. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघता बघता मेला, त्याचे बहुतेक शिपाईही तिथेच गेले. शेवटी १६६५ मध्ये राजाची आज्ञा मोडता येईना, तेव्हा या व्हाइसरॉयने राजाला कळवलं की इंग्रज ज्या दिवशी मुंबईत पाय रोवतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला असं समजा. या मैत्रीवर कोणी लिहिलेलं सर्वात खरं मत माझ्या लेखी हेच. तो काही आपला हितचिंतक नव्हता, त्याला स्वतःच्या साम्राज्याची काळजी होती. पण तो जागेवर उभा होता आणि त्याला समोरचं दिसत होतं. लिस्बनमध्ये बसून लग्नाची बोलणी करणाऱ्यांना ते दिसत नव्हतं. आणि मुंबईच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना तर कोणी विचारलंच नाही.

वर्तमानपत्रांचा काळ आला तेव्हाची गोष्ट आणखी बोलकी आहे. ११ जानेवारी १८९० ला इंग्लंडने आपल्या या जुन्या मित्राला निर्वाणीचा खलिता दिला. अंगोला आणि मोझांबिक या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींच्या मधल्या प्रदेशातून, शिरे नदीच्या भागातून तुमचं सैन्य मागे घ्या. आज दुपारपर्यंत समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर आमचा राजदूत लिस्बन सोडेल, त्याच्यासाठी जहाज विगो बंदरात तयार आहे. पोर्तुगालने त्याच दिवशी मान तुकवली आणि सरकार कोसळलं. मग जे लिहिलं गेलं ते वाचताना आजही अंगावर येतं. लिस्बनमध्ये कामोंइश या त्यांच्या महाकवीच्या पुतळ्याला काळं कापड गुंडाळलं गेलं. इंग्रजी मालावर बहिष्काराची हाक दिली गेली. लोकांनी वर्गणी काढून एक युद्धनौका बांधवून घेतली. ‘ओ सेकुलु’सारख्या प्रजासत्ताकवादी पत्रांनी राजालाच धारेवर धरलं. आज पोर्तुगालचं राष्ट्रगीत असलेलं गाणं त्याच संतापात जन्मलं, आणि त्याच्या मूळ शब्दांत इंग्रजांवर चालून जाण्याची हाक होती.

आता या अग्रलेखांवरून तुम्ही काय अंदाज केला असता? मैत्री संपली, असाच ना? ती संपली नाही. १८९८ मध्ये इंग्लंडने जर्मनीशी गुप्त करार केला. पोर्तुगाल कर्जात बुडाला तर त्याच्या वसाहती दोघांनी कशा वाटून घ्यायच्या, हे त्यात ठरलं होतं. आणि पुढच्याच वर्षी, १८९९ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडने पोर्तुगालशी दुसरा गुप्त करार करून १६६१ चं ते वसाहती राखण्याचं वचन पुन्हा दिलं. दोन्ही कागद कुलपात. त्या वर्षी पोर्टोत किंवा लंडनमध्ये या मैत्रीवर लेख लिहिणारा संपादक कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या हाती काय होतं? म्हणून मी संपादकांना लबाड म्हणत नाही. त्यांना अर्धंच पान दिसत असतं.

सालाझारच्या काळात तर तेही झाकलं गेलं. माझे आजोबा पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे सरकारी पोर्तुगीज शाळेत, शिकलेले, त्यांना पोर्तुगीज मराठीइतकंच सफाईने येई. मला अक्षरओळख त्यांनीच करून दिली, जुन्या वर्तमानपत्रांवरून. त्यांच्या ट्रंकेत लिस्बनच्या काही अंकांचे पिवळे पडलेले कागद होते. मथळ्याकडे जायच्या आधी ते एका बारीक ओळीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “बाबू, हे पयलीं वाच.” ओळ होती, ‘सेन्सॉर समितीने तपासलेलं.’ अंकावर ती ओळ छापावीच लागे. गोव्यातही हीच तऱ्हा, छापण्याआधी सगळं तपासायला जायचं. अगदी लग्नपत्रिकासुद्धा. आजोबांच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मराठीत होती. तिचा मसुदा सही होऊन परत येईपर्यंत छापखानेवाल्याने खिळे जुळवायला घेतले नाहीत, आणि इकडे मुहूर्त जवळ येत चाललेला. ज्या राज्यात लग्नाचं आमंत्रण सरकारला दाखवावं लागतं, तिथे परराष्ट्र मैत्रीवरचं मत कोणाचं असणार?

दुसऱ्या महायुद्धात मात्र ही मैत्री खरोखर कामाला आली, हे मान्य केलंच पाहिजे. ऑक्टोबर १९४३ मध्ये चर्चिलने पार्लमेंटमध्ये उभं राहून १३७३ च्या तहाचा हवाला दिला आणि अझोर्स बेटांवरचे तळ मिळाल्याचं जाहीर केलं. इंग्लंडला अटलांटिकमध्ये तळ हवे होते, पोर्तुगालला जिंकणाऱ्या बाजूशी जुळवून घ्यायचं होतं. दोघांचं हित एका जागी आलं की ५७० वर्षांपूर्वीचा कागदही जिवंत होतो.

१९६१ मध्ये तसं काही नव्हतं. भारत राष्ट्रकुलात होता, आणि राष्ट्रकुलातल्या देशाविरुद्ध आम्ही लढू शकणार नाही याची कल्पना लंडनने लिस्बनला आधीच दिलेली होती. सालाझारने विमानतळ वापरू देण्याची विनंती केली, ती फळली नाही. नाटोचा आधार घ्यावा तर त्या कराराची हद्दच उत्तर अटलांटिकपुरती. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताने माघार घ्यावी असा ठराव आला. इंग्लंडने त्याच्या बाजूने हात वर केला, ७ विरुद्ध ४ मतं पडली आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो बारगळला. मित्राने मत दिलं, गलबत दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हाने शरणागती पत्करली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, यात विश्वासघात शोधायची गरज मला वाटत नाही.

त्या दिवसांत पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी नेहरूंवर भरपूर टीका केली. अहिंसेचा उपदेश करणाऱ्याने शस्त्र उचललं, हा त्यांचा सूर. १९४६ पासून लोहियांच्या हाकेला ओ देऊन तुरुंगात गेलेल्या, १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहात गोळ्या खाल्लेल्या माणसांचं काय, याचा मला खरंच राग येतो. म्हणून आजही कुठल्याही दोन देशांच्या मैत्रीवर लेख आला, की ज्या भूमीवरून त्यांची देवाणघेवाण चालली आहे तिथलं कोणी त्या पानावर बोलतंय का, हे मी आधी शोधतो. मग तारीख बघतो, आणि त्या आठवड्यात कोणाला कोणाकडून काय हवं होतं ते.

१९६२ मध्ये पणजीहून ‘गोमन्तक’ मराठीत निघू लागला, संपादक बा. द. सातोस्कर. आजोबांनी पहिल्याच आठवड्यात अंक आणला. आजी सांगायची, त्यांनी बातम्या वाचायच्या आधी चश्मा लावून सगळ्या पानांवर ती बारीक ओळ शोधली. ती नव्हती. मग त्यांनी अंक पुन्हा पहिल्या पानापासून उघडला आणि अग्रलेख मोठ्याने वाचला, घरातल्या सगळ्यांना बसवून.