इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) बसवताना टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगचं
भावा, हेडचे बोल्ट किती आवळायचे आणि स्प्रिंग चांगली हाय का ते कसं बघायचं, त्याचं सांगतो. टॉर्कचा आकडा तुझ्याच इंजिनाच्या मॅन्युअलमधला घे, आणि थ्रेडला ऑइल लावायचं का कोरडं ठेवायचं ते आधी बघ, कारण ऑइलनं घर्षण कमी होतंय आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातोय. हेडचे बोल्ट मधनं बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळ. शेवटी डिग्री मारायच्या (बोल्ट अजून ठराविक कोनात फिरवायचा) असतील तर बोल्ट बहुतेक नवेच लागतात, तिथं पैसे वाचवू नकोस.

व्हॉल्व्ह स्प्रिंग बोटानं दाबून कळत नाही रे. फ्री लेंथ (न दाबता असलेली लांबी) व्हर्नियरनं, सरळपणा गुण्यानं (काटकोनानं) बघ, आणि उद्यमनगरात (कारखान्यांच्या भागात) हेडचं काम टाकशील तिथंच इन्स्टॉल्ड हाइटला (बसवल्यावर स्प्रिंगची जी उंची राहते तिला) प्रेशर मोजून घे. सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती बैठक) कापली की व्हॉल्व्ह खोल बसतोय, हाइट वाढते, प्रेशर कमी पडतंय, म्हणून स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घालायची. उगाच कडक स्प्रिंग टाकलीस तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) झिजतोय.