शेडचा कार्बन-हिशेब : वाचकांचे प्रश्न

मुंबईच्या बाजाराला माल देणाऱ्या पालघर, ठाणे, रायगडमधल्या पोल्ट्रीवाल्यांकडून आणि शहरातल्या काही ग्राहकांकडून या वेळी एकाच विषयावर पत्रं आली : कोंबडीपालनातून निघणारे हरितगृह वायू मोजायचे कसे आणि घटवायचे कसे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (मुरबाड) : माझी ५,००० ब्रॉयलरची शेड आहे. मुंबईतल्या एका खरेदीदाराने ‘किलोमागे कार्बन किती?’ असं विचारलंय. हिशेब कुठून सुरू करू?

तुमच्याकडे आधीच असलेल्या वह्यांपासून. बॅचचं रजिस्टर, खाद्याची चलनं, विजेचं बिल, डिझेल आणि गॅसच्या पावत्या एवढं हाताशी घ्या. पक्ष्यांच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हिशेबात धरत नाहीत, कारण तो मक्या-सोयाबीनने हवेतूनच घेतलेला असतो. कोंबडीच्या पोटातून निघणारा मिथेनही गाईम्हशींच्या तुलनेत नगण्य, म्हणून तोही सोडून देतात.

आता तुमच्याएवढ्या शेडची ४२ दिवसांची बॅच घेऊ. मरतूक ४ टक्के, सरासरी वजन २.१ किलो, म्हणजे माल निघाला सुमारे १०,०८० किलो. एफसीआर (एक किलो वजनामागे लागणारं खाद्य) १.६ धरला, तर खाद्य लागलं १६,१०० किलोच्या आसपास. एक किलो खाद्यामागे किती वायू हा आकडा पुरवठादाराकडे मागा. तो मिळेपर्यंत हिशेबापुरता ०.६ किलो (कार्बन डायऑक्साइडच्या मापात) धरा. खाद्याचे झाले ९,६६० किलो.

वीज ६०० युनिट धरू. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो, म्हणजे ४२० किलो. जनरेटरचं ४० लिटर डिझेल, लिटरला २.६८ प्रमाणे १०७. ब्रूडिंगला (पिल्लांना ऊब द्यायला) गॅसचे १९ किलोचे ६ सिलिंडर, किलोला सुमारे ३ प्रमाणे ३४२.

राहिलं खत, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. खतातल्या मिथेनसाठी आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) कोष्टकात आपल्यासारख्या उष्ण, विकसनशील देशांना दर पक्ष्यामागे वर्षाला ०.०२ किलो दिले आहेत. ४२ दिवसांचे ५,००० पक्ष्यांचे ११.५ किलो मिथेन. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवणारा धरतात, म्हणून ३११ किलो. नायट्रस ऑक्साइडसाठी नायट्रोजनचा माग काढावा लागतो. खाद्यात २० टक्के प्रथिनं म्हणजे ३.२ टक्के नायट्रोजन, एकूण ५१५ किलो. पक्ष्यांच्या अंगात त्यातला सुमारे २९२ किलो राहतो (जिवंत वजनाच्या २.९ टक्के). उरलेला २२३ किलो लिटरमध्ये (शेडच्या जमिनीवरच्या तुसाच्या थरात) पडतो. त्यातून थेट निघणारा नायट्रस ऑक्साइड ०.३५ किलो. तो २७३ पट, म्हणून ९६ किलो. पण लिटरमधल्या नायट्रोजनपैकी सुमारे ४० टक्के अमोनिया होऊन उडतो, बाहेर कुठेतरी जमिनीवर, पाण्यात पडतो आणि तिथे त्याचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होतो. हा अप्रत्यक्ष वाटा ३८३ किलो भरतो, थेटच्या चौपट. तो न धरता दिलेला आकडा अपुरा समजा.

सगळं मिळून ११,३०० किलोच्या आसपास, म्हणजे जिवंत वजनाच्या किलोमागे १.१ किलो. त्यात खाद्याचा वाटा ८५ टक्के. म्हणून पहिलं लक्ष एफसीआरवर द्या. तो १.६ वरून १.५५ झाला, तर बॅचमागे ५ क्विंटल खाद्य वाचतं आणि सुमारे ३०० किलो वायू घटतो, म्हणजे सगळ्या ब्रूडिंग गॅसच्या जवळपास. फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि तो एक-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. सांडलेलं खाद्य लिटरमध्ये जातं, तेव्हा खाद्याचा हिशेबही वाढतो आणि खताचाही.

खरेदीदाराला आकडा देताना तो जिवंत वजनाचा आहे हे लिहून द्या. कापल्यावर वजन घटतं, त्यामुळे चिकनच्या किलोमागचा आकडा मोठा दिसतो आणि मग विनाकारण वाद होतो.

प्रश्न (वसई) : ऑनलाइन मिळणारा मिथेन सेन्सर शेडमध्ये लावला तर थेट मोजमाप मिळेल ना?

नाही मिळणार, पैसे वाचवा. एमक्यू-४ सारखा स्वस्त सेन्सर ३०० ते १०,००० पीपीएमसाठी (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे तेवढे भाग) बनवलेला असतो. हवेत मुळात मिथेन जेमतेम २ पीपीएम असतो आणि कोरड्या लिटरच्या शेडमध्ये त्याहून थोडाच जास्त. सेन्सर जो आकडा दाखवेल, तो दमटपणाचा किंवा अमोनियाचा असू शकतो.

शिवाय हवेत वायू किती आहे हे कळलं, म्हणजे तो बाहेर किती गेला हे कळत नाही. त्यासाठी आतल्या-बाहेरच्या प्रमाणातला फरक गुणिले तासाला बाहेर जाणारी हवा, असा हिशेब लागतो. बंद, पंखेवाल्या हवामान-नियंत्रित (ईसी) शेडमध्ये पंख्याची क्षमता आणि चाललेले तास यावरून तो जमतो. पडद्यांच्या उघड्या शेडमध्ये वाऱ्याची दिशा तासातासाला बदलते, तिथे तो हाती लागत नाही.

उपयोगी पडेल ते अमोनियाचं हातातलं मीटर. पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीला, पहाटे पडदे उघडण्याआधी, शेडच्या तीन ठिकाणी वाचन घ्या. २५ पीपीएमच्या वर गेलं, तर लिटरमध्ये काहीतरी बिघडलंय. नाकावर विसंबू नका, रोज शेडमध्ये वावरणाऱ्याच्या नाकाला तो वास जाणवेनासा होतो.

प्रश्न (पालघर) : पावसाळ्यात तूस चिखलासारखं होतं, त्याची पोळी बनते. चुना टाकतो, पण डोळे आणखीच झोंबतात. काय चुकतंय?

चुना ओल्या लिटरवर टाकताय, हेच चुकतंय. चुन्याने लिटरचा सामू (पीएच) वाढतो आणि सामू ८ च्या पुढे गेला की अडकून राहिलेला अमोनिया भराभर सुटतो. डोळे झोंबतात ते त्यानेच, आणि वरच्या हिशेबातला अप्रत्यक्ष वाटाही त्यानेच वाढतो. चुना बॅच निघाल्यावर, रिकाम्या शेडच्या फरशीला मारायचा.

मूळ दुखणं पाण्याचं आहे. मूठभर लिटर घट्ट दाबून हात उघडा. गोळा तसाच राहिला तर ओलावा जास्त, गोळा होऊन हळूच फुटला तर बरोबर, मुळीच जमला नाही तर फार कोरडं. ओलावा २० ते २५ टक्के हवा. ३५ च्या पुढे पोळी धरायला लागते. पोळीच्या खाली हवा जात नाही आणि मिथेन तयार होतो तो तिथेच.

पाणी येतं कुठून ते शोधा. आधी निप्पल (पक्षी चोचीने दाबून पाणी पितात ती तोटी) पाहा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४ लिटरच्या वर. अशी दहा निप्पल गळत असतील, तर बॅचभर त्या लाइनखाली रोज ४० लिटर पाणी ओतल्यासारखं आहे. निप्पलच्या पिनेखाली वाळूचा कण किंवा शेवाळ अडकतं, म्हणून टाकीनंतर फिल्टर लावा आणि प्रत्येक बॅचच्या आधी लाइन जोराने धुऊन काढा. पाइप मध्येच लोंबत असेल, तर त्या जागी गळती ठरलेली, दर दोन-अडीच मीटरला आधार द्या. उंची अशी ठेवा की पिल्लू मोठं झाल्यावर मान वर ताणून पिईल. मान खाली घालून पिणारा पक्षी अर्धं पाणी सांडतो.

मग पावसाची झड. वळचण चार फूट तरी बाहेर हवी आणि शेडभोवती पाणी वाहून नेणारी चर. पडदा खालून वर चढणारा असावा आणि वर फूटभर फट रात्रीही उघडी राहावी. पाऊस म्हणून शेड पूर्ण बंद केली, की आतली वाफ लिटरमध्येच जिरते. तूस भातगिरणीतून मे महिन्यातच आणून कोरड्या जागी ठेवा. जुलैत आणलेलं तूस ओलसर असतं, त्याला बुरशी लागते. थर तीन इंचांचा. पोळी दिसली की लगेच उचलून बाहेर टाका, फोडून परत मिसळू नका. बाकीचं लिटर दिवसाआड खाली-वर करा.

तेच लिटर पुन्हा वापरणार असाल, तर पिल्लं यायच्या आधी १,००० चौरस फुटांना २५ ते ४५ किलो अ‍ॅल्युमिनियम सल्फेट वरच्या थरात मिसळा (पाणी शुद्ध करायला वापरतात ती तुरटी). ती सामू खाली आणते. पसरताना तोंडाला मास्क बांधा.

प्रश्न (कर्जत) : खाद्यातली प्रथिनं कमी केली तर नायट्रोजन घटतो असं वाचलं. वजन नाही का घटणार?

मिथिओनिन, लायसिन, थ्रिओनिन ही अमिनो आम्लं वेगळी घालून तोल राखला, तर एक टक्का प्रथिनं कमी करूनही वजन टिकतं आणि बाहेर पडणारा नायट्रोजन सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. नुसती सोयापेंड कमी केली, तर वजन घटणारच. करारावर पक्षी पाळत असाल, तर खाद्य कंपनीचं असतं. कंपनीच्या सुपरवायझरशी बोला, स्वतः काही मिसळू नका.

प्रश्न (शहापूर) : १०,००० लेयर (अंड्यांच्या कोंबड्या) आहेत. विष्ठा पाण्याने धुऊन खड्ड्यात सोडतो. बायोगॅस लावावा का?

बायोगॅसच्या आधी धुणं थांबवा. आयपीसीसीच्या कोष्टकात कोरड्या साठवलेल्या लेयरच्या खताला पक्ष्यामागे वर्षाला ०.०३ किलो मिथेन धरला आहे, पाण्यात साठवलेल्याला उष्ण हवेत १.४. हे आकडे मोठ्या, आधुनिक फार्मचे आहेत, तरी फरक केवढा ते पाहा : तुमच्या १०,००० पक्ष्यांचे कोरड्यात ३०० किलो, ओल्यात १४,००० किलो. कार्बन डायऑक्साइडच्या मापात ८ टन आणि ३७८ टन! पिंजऱ्याखाली विष्ठेचे सुळके उभे राहिले, म्हणजे ती नीट वाळतेय. ते सपाट होऊन पसरले, तर वर निप्पल गळतंय.

बायोगॅस लावलाच, तर सुरुवात शेणावर करा आणि विष्ठेचं प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवत चौथ्या हिश्शापर्यंत न्या. एकदम भरली, तर अमोनिया जिवाणूंना मारतो आणि गॅस बसतो. खाद्यातली शिंपल्याची आणि चुनखडीची खडी तळाशी साचून टाकीची जागा खाते, म्हणून मिश्रण टाकीत सोडण्याआधी निवळायला छोटा हौद हवा.

गळती दर पंधरवड्याला तपासा. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक सांध्याला, व्हॉल्व्हला, रबरी नळीच्या टोकाला लावा. बुडबुडा आला की तिथे गळती. एक घनमीटर गॅस वाया गेला म्हणजे ०.४ किलो मिथेन, ११ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. जास्तीचा गॅस हवेत सोडू नका, बर्नर लावून जाळा.

प्रश्न (दादर) : गावरान अंडं घेतलं, तर कार्बन कमी होतो का?

परसात दाणे-किडे टिपणाऱ्या, घरच्या उष्ट्यावर वाढणाऱ्या कोंबडीचं असेल, तर होतो. शेडमध्ये विकतच्या खाद्यावर पाळलेल्या गावरान कोंबडीचं असेल, तर उलट जास्त पडतो, कारण तेवढ्याच अंड्यांना ती खाद्य जास्त खाते. विकणाऱ्याला एवढंच विचारा : कोंबडी खाते काय?