तो हुलस्थूल का ती हुलस्थूल?

प्रश्न : मिस्टरांची बदली झाली म्हणून सध्या आम्ही गुवाहाटीला आहोत. परवा खाली पोरांचा दंगा चालला होता तर शेजारच्या बाइदेउ (आपली ताई) वैतागून म्हणाल्या, 'लोराबोरे हुलस्थूल लगाइसे' (पोरांनी गोंधळ घातलाय). अर्थ लगेच कळला, पण हा शब्द पुल्लिंगी का स्त्रीलिंगी असं विचारलं तर त्या नुसत्या बघतच राहिल्या. माझं काही चुकलं का?

उत्तर : चुकलं काही नाही, पण त्या बघत राहणारच, कारण असमियात (आसामी भाषेत) व्याकरणातलं लिंग हा प्रकारच नाही. आपल्याकडे तो गोंधळ, ती बोंबाबोंब, आणि क्रियापदही त्यांच्या मागे मागे, म्हणजे पोरांनी गोंधळ घातला पण बोंब मारली. तिकडे पोरांनी केला तरी 'लोराबोरे हुलस्थूल लगाले' आणि पोरींनी केला तरी 'सोवालीबोरे हुलस्थूल लगाले', क्रियापद जागचं हलत नाही. ते फक्त मी-तू-तो एवढंच बघतं, म्हणून स्वतःवर घ्यायचं असेल तर 'मइ लगालों' (मी घातला).

खरी गंमत मला वेगळीच वाटते. 'हुलस्थूल लागिल' म्हणजे गोंधळ उडाला, कोणी केला ते विचारू नका. 'लगाले' म्हणजे कोणीतरी घातला, आणि मग त्या कोणीतरीला शेवटी 'ए' लागतो, लोराबोरचं लोराबोरे होतं. पोरं नुसती आली तर 'लोराबोर आहिल', तिथे ए नाही. आपल्या 'ने'सारखंच झालं की हे, फक्त आपलं क्रियापद मग कर्माकडे वळतं आणि त्यांचं कर्त्यालाच धरून राहतं.

'तो गोंधळ' असं नेमकं दाखवायचं असेल तर शेपटाला 'खन' लावा, हुलस्थूलखन. हाच खन किताप, नाव (होडी) असल्या वस्तूंना लागतो आणि बियाखन म्हणजे ते लग्न, त्यालाही लागतो, तर लग्न आणि गोंधळ एकाच माळेत, यावर मी काही बोलत नाही!

सामान्यरूपाची कटकटही नाही. आपण गलकाचं गलक्यात करतो, ते नुसता र जोडतात, हुलस्थूलर माजत, म्हणजे गोंधळामध्ये. विशेषण हवं तर हुलस्थूलीया. उच्चाराचं एकच सांगते, एकटा स ते घशातून खरखरीत काढतात पण इथे तो थला जोडलेला आहे म्हणून आपल्यासारखाच साधा स, आणि ऱ्हस्व-दीर्घ फक्त लिहिण्यापुरतं. बाइदेउ म्हणाल्या ते 'लगाइसे'सुद्धा लिहिताना छ घालून 'लगाइछे' असं लिहायचं.

पुढच्या वेळी पोरांना तुम्हीच दटावा, 'हुलस्थूल नकरिबा!' आपला 'नका' मागून येतो, त्यांचा न क्रियापदाच्या पुढ्यातच चिकटलेला असतो.