संपाचा ‘कौल’ की संपाचे ‘बॅलट’?

कुर्ल्याच्या एका कारखान्यात युनियनचे काम पाहणाऱ्या वाचकाने विचारले आहे: संपावर जायचे की नाही, यासाठी सभासदांचे ‘बॅलट’ घ्यायचे आहे. परिपत्रकात मराठी शब्द कोणता घालू? कोणी ‘मतपत्रिका घेणे’ सुचवले, पण ते कानाला खटकते.

खटकणारच. मतपत्रिका हा कागद. तो छापतात, वाटतात, पेटीत टाकतात. घेतात ते मतदान. माझी पसंती मात्र ‘कौल’ला आहे. शब्द मूळ अरबी, अर्थ बोल, वचन. कोकणात देवाला कौल लावतात, उजवी कळी पडली की होकार. गिरणगावात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे कामगार किती होते ते आठवा, म्हणजे हा शब्द मुंबईच्या कामगाराला का परका वाटत नाही ते कळेल. ‘लावणे’ देवाकडेच राहू द्या. सभासदांचा कौल घ्यावा, सभासद तो देतात. गेटसभेत हात वर करणे हाही कौलच, म्हणून ‘गुप्त मतदानाने’ हे शब्द आधी हवेतच.

‘संप’ या शब्दावर माझा फार जीव आहे. 1982च्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या तेव्हा मी लहान होतो. वडील म्हणत, “संप चालू आहे.” शेजारच्या गुजराती काकी आईला सांगत, “घरमां संप राखजो.” घरातही संप? मी गोंधळून जाई. गुजरातीत संप म्हणजे एकी, हे पुढे कळले. एकत्र येऊन काम थांबवणे, या मराठी अर्थाच्या पोटात ती एकी आहेच. ‘हरताळ’ वेगळा, तो मुळात दुकानांना कुलूप लावण्याचा, व्यापाऱ्यांचा शब्द.

पण परिपत्रकात सर्वांत जपून वापरायचा शब्द ‘बहुमत’. कोणाचे बहुमत? महाराष्ट्राच्या 1971च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात, मान्यताप्राप्त युनियनने 14 दिवसांची नोटीस देण्याआधी सभासदांच्या बहुमताचा होकार मिळवावा, अशी अट घातली गेली. म्हणजे हजार सभासदांत 501 होकार. घरी राहिलेला नकारातच जमा. ब्रिटनमध्ये 2016च्या कायद्याने निम्म्या सभासदांनी तरी मत द्यावे असे ठरवले. त्या नियमाने हजारांत 499 मते पडली आणि सगळी होकाराची असली, तरी कौल फुकट जाई. महत्त्वाच्या सार्वजनिक सेवा सोडल्या, तर 500 मतांत 251 होकार पुरत. दोन्ही नियमांत गाडी अडते ती न दिलेल्या मतांपाशी. त्यामुळे आधी सभासदांची यादी धुऊन घ्या: कोण निवृत्त झाला, कोणाचे खाते बदलले, रात्रपाळीला कोण. मग पाळीपाळीने एकेकाला गाठा.

प्रश्नही सोपा हवा. ‘प्रस्तावित आंदोलनात्मक कार्यवाहीस आपली सहमती आहे काय?’ हे वाचून माणूस कागद खिशात घालतो. ब्रिटिश कायद्यातला प्रश्न सरळ आहे: संपात भाग घ्यायला तयार आहात का? नियमावर बोट ठेवून काम करण्यासारखा मार्ग योजायचा असेल, तर त्याचा प्रश्न वेगळा. तुमच्यासाठी असे लिहीन:

“वेतनकरारासाठी संपावर जावे का, याबद्दल गुप्त मतदानाने सर्व सभासदांचा कौल घेण्यात येत आहे. प्रश्न: तुम्ही संपात सहभागी व्हायला तयार आहात का? होय / नाही.”

‘आपण’ऐवजी ‘तुम्ही’ मुद्दाम घातले आहे. ‘आपण’ वाचून कोणालाही ‘आपण सगळे’ असे वाटू शकते, आणि इथे उत्तर एकेकट्याने द्यायचे आहे.