कोणती आनंदीबाई म्हणताय?

प्रश्न : माझ्या मुलीने शाळेत डॉ. आनंदीबाई जोशींवर भाषण केलं, चार्टवर नेटवरचा फोटो लावला, तर आलेले पाहुणे म्हणाले हा फोटो महर्षी कर्व्यांच्या बायकोचा आहे. पोरगी घरी येऊन रडली. नाव एकच असेल तर माणसाने ओळखायचं कसं? आणि अशा किती आनंदीबाई आहेत?

उत्तर : ताई, मुलीला आधी सांगा की ही चूक मोठमोठे लोक करतात, मी छापील पुस्तकात बघितलीय. फोटोची खूण सोपी आहे, पण ती सांगताना मला दरवेळी गलबलून येतं. डॉक्टर आनंदीबाई जन्मल्या 31 मार्च 1865 ला आणि गेल्या 26 फेब्रुवारी 1887 ला, म्हणजे बावीस पूर्ण व्हायला महिनाभराहून थोडाच जास्त काळ राहिला होता, त्यामुळे फोटोतली आनंदीबाई पिकल्या केसांची, वयस्कर दिसत असेल तर ती डॉक्टर आनंदीबाई नाहीच, तेवढं वय त्यांना मिळालंच नाही. त्यांचा एक फोटो तर सहज ओळखता येतो, 1885 मधला, त्यात तिघी आपापल्या देशाच्या वेशात आहेत, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, तिघी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. पुढच्या वेळी चार्टवर हाच लावा, आणि तिघींची नावं खाली लिहा.

दुसऱ्या आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे. लहानपणीच विधवा झालेल्या, 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्यांनी 'माझे पुराण' नावाचं आत्मचरित्र लिहिलंय, जमलं तर मुलीला वाचून दाखवा, इतकं सरळ बोलल्यासारखं लिहिलंय की आजी समोर बसून सांगतेय असं वाटतं.

तिसऱ्या पेशव्यांच्या घरातल्या, राघोबादादांच्या पत्नी, त्यांच्याबद्दल पुढच्या एका पत्राच्या उत्तरात बोलू.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर मेसेज आला की आनंदीबाई हे दोघींचंही खरं नाव नव्हतं. हे खरंय का?

उत्तर : हो, खरंय. म्हणजे जन्माचं नाव ते नव्हतं. डॉक्टर आनंदी माहेरी यमुना, आणि बाया कर्वे माहेरी गोदू. एक यमुना, एक गोदा, दोन नद्या, आणि लग्न झाल्यावर दोघीही आनंदी. यमुनाचं लग्न झालं नवव्या वर्षी, नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर, वयाने कितीतरी मोठा. गोदूबाईंचं पहिलं लग्न तर इतक्या लहानपणी झालं की नवरा गेला तेव्हा त्या अजून मूलच होत्या, आणि आनंदी हे नाव आलं ते कर्व्यांशी झालेल्या दुसऱ्या लग्नानंतर.

यमुनाबद्दल अजून एक सांगते. रमाबाई रानडे, न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, त्या पण माहेरी यमुनाच होत्या. म्हणजे एक यमुना आनंदी झाली, दुसरी यमुना रमा झाली, आणि आपण आज रमाबाई म्हटलं की पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे यांच्यात घोळ घालतो आणि आनंदीबाई म्हटलं की जोशी आणि कर्वे यांच्यात. त्या काळी ठरावीक पाचपंचवीस नावं फिरून फिरून सुनांना मिळायची, तर गोंधळ होणारच. माझं स्पष्ट मत आहे की या बायकांबद्दल लिहिताना माहेरचं नाव एकदा तरी लिहावं, मुलांच्या भाषणातसुद्धा, कारण ते नाव घेऊन ती मुलगी अंगणात खेळलेली असते.

आता नावाच्या पलीकडची एक गोष्ट, ही मला फार आवडते. या दोघी आनंदींना जोडणारी बाई एकच, पंडिता रमाबाई. त्या आनंदी जोशींच्या नात्यातल्या, आनंदीला एमडीची पदवी मिळाली त्या समारंभाला फिलाडेल्फियात हजर होत्या, तारीख 11 मार्च 1886. बरोबर तीन वर्षांनी, 11 मार्च 1889 ला, रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे आपली गोदूबाई. आणि त्या गोदूबाईचं कर्व्यांशी लग्न कधी झालं, तर 11 मार्च 1893. एकच तारीख तीनदा! योगायोगच आहे, त्यात काही शोधायला जाऊ नका, पण मुलांना ही तारीख सांगितली की दोन्ही आनंदी डोक्यात पक्क्या बसतात, मी करून बघितलंय.

प्रश्न : 'ध चा मा' करणारी आनंदीबाई खरी की गोष्टीतली?

उत्तर : बाई खरी, नारायणरावांचा खूनही खरा. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी पेशवा नारायणरावांना मारलं, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला. पण 'नारायणरावांस धरावे' यातलं अक्षर आनंदीबाईंनी बदलून 'मारावे' केलं, ही लोकांच्या तोंडून आलेली गोष्ट आहे, मी ती 'असं सांगतात' म्हणूनच सांगते आणि तुम्हीही तशीच सांगा. गोष्ट इतकी चिकटली की भाषेत वाक्प्रचार झाला, आणि बाईचं बाकी आयुष्य लोक विसरून गेले. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव हे त्यांचेच चिरंजीव, हे किती जणांना पटकन आठवतं?

आणि रणजित देसाईंच्या 'स्वामी'त भेटते ती आनंदीबाई खुनाच्या आधीची आहे, कारण ती कादंबरी थोरल्या माधवरावांची, आणि ते 1772 मध्येच गेले. तरी वाचताना आपण पुढचं सगळं माहीत असल्यासारखं तिच्याकडे बघतो. कादंबरीतली बाई वेगळी आणि इतिहासातली वेगळी, एवढं मनात ठेवून वाचलं की पुरे.

प्रश्न : बालिका वधू सीरियलमधली आनंदी म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचीच स्टोरी ना? माझी सासू तसंच सांगते.

उत्तर : नाही हो. 2008 मध्ये सुरू झालेल्या त्या सीरियलमधली आनंदी राजस्थानातली, पूर्ण काल्पनिक. बालविवाह तेवढा दोघींच्या वाट्याला आला, म्हणून सासूबाईंना तसं वाटलं असेल, त्यांचं काही चुकलं असं नाही. डॉक्टर आनंदीबाईंवरची कादंबरी म्हणजे श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ', 1968 ची, आणि त्याच नावाचा सिनेमा 2019 मध्ये आला. दोन्ही सासूबाईंना दाखवा, वाचायला द्या, पण तिथलेही संवाद लेखकाने रचलेले आहेत, ते आनंदीचे स्वतःचे शब्द म्हणून कुठे फॉरवर्ड करू नका. खऱ्या बाईच्या जवळ जायचं तर काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र बघा, त्या त्याच काळातल्या लेखिका.

हिंदीत अजून एक आनंदी आहे, प्रेमचंदांच्या 'बडे घर की बेटी'मधली. दीर चिडून तिच्या अंगावर खडाव फेकतो आणि शेवटी फुटायला आलेलं घर तीच सावरते. दहा पंधरा मिनिटांत वाचून होते, जरूर वाचा.

प्रश्न : डॉ. आनंदीबाईंची समाधी कुठे आहे? आम्हाला जाऊन यायचंय.

उत्तर : इथे नाही. त्यांच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेत पाठवल्या होत्या, ज्यांनी अमेरिकेत आलेल्या आनंदीला आपल्या घरी मुलीसारखं ठेवलं, आणि त्या बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत त्या पुरल्या. तिथे दगडावर नाव आहे, आनंदीबाई जोशी. शुक्र ग्रहावरच्या एका विवराचं नावही त्यांच्यावरून 'जोशी' ठेवलंय. तुमचं कोणी तिकडे राहत असेल तर त्यांना पोकीप्सीला जायला सांगा, फुलं घेऊन.