पीएसजी या पॅरिसच्या क्लबाच्या आधी फ्रेंच फुटबॉल क्लबांना काही इतिहास होता का? आणि सायकल शर्यती म्हणजे नुसत्या कंपन्यांच्या जाहिराती, हे खरं आहे का?

इतिहास होता आणि भरपूर होता. तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य मात्र मी माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाच्या तोंडून ऐकलंय. म्हणून एवढं लिहायला बसले. मी लीलच्या जवळ राहते, तेव्हा बोलेन ते मुख्यतः फ्रान्सच्या उत्तरेबद्दल.

आधी जाहिरातीचं. होतीच जाहिरात, कुणी नाकारलंय? ड्रेफस प्रकरणावरून, म्हणजे एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप झाला त्यावरून, ‘ल वेलो’ या हिरव्या कागदावर छापल्या जाणाऱ्या दैनिकाचं आणि त्याच्या बड्या जाहिरातदारांचं फाटलं. त्यांनी 1900 मध्ये पिवळ्या कागदावर स्वतःचा पेपर काढला, आंरी देग्रांजला संपादक नेमलं. खप वाढेना, तेव्हा 1903 मध्ये टूर द फ्रान्स सुरू केली. साठ जण निघाले, 21 जण पोचले आणि मोरिस गारँ जिंकला. हा गारँ मूळचा इटलीतला, लहानपणी धुराडी साफ करणारा. पिवळी जर्सी 1919 ची, पेपरच्या कागदाच्या रंगाची.

पॅरिस-रूबे ही एका दिवसाची सायकल शर्यत तर टूरपेक्षा जुनी, 1896 ची. रूबे हे कापडगिरण्यांचं शहर. तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी तिथे वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं मैदान, बांधला होता, त्याचं नाव व्हावं म्हणून त्यांनी ही शर्यत भरवली. फुटबॉलचंही तेच. सोशो हा क्लब 1928 मध्ये प्यूजो या मोटार कंपनीनं काढला. फ्रान्समध्ये 1932 ला व्यावसायिक फुटबॉल सुरू झालं, त्यामागेही प्यूजोचा मोठा रेटा होता, आणि त्याच प्यूजोचा सायकल संघ पुढे कित्येक वर्षं टूरमध्ये धावला. सेंत-एत्येन या क्लबाचा हिरवा रंग कासिनो या किराणा दुकानांच्या साखळीचा. उत्तरेतल्या लाँस या क्लबाचं स्टेडियम कोळसा खाणीच्या कंपनीनं बांधलं आणि त्याला नाव दिलं खाणीच्या संचालकाचं, बोलार्टचं.

आमचे दादा, म्हणजे तोच मावसभाऊ, इथेच थांबतात. “बघ, सगळा मालकांचा खेळ. मग कतारनं पीएसजी घेतला तर एवढा गळा का काढता?”

मी त्याला एप्रिलमध्ये पॅरिस-रूबेच्या रविवारी, त्या शर्यतीच्या वाटेवरच्या आरेनबेरच्या जंगलात नेलं. सोबत आमचे शेजारी होते, सत्तरी ओलांडलेले, पोलंडहून आलेल्या खाणकामगाराचा मुलगा. गाडी लांब लावून चालत गेलो. बंद पडलेल्या खाणीचे लोखंडी मनोरे लांबूनच दिसतात, ते ओलांडले की जंगलात शिरणारा तो नाकासमोरचा दगडी रस्ता, सव्वादोन-अडीच किलोमीटरचा. शेजाऱ्यांनी कठड्यातून हात घालून दोन दगडांमधल्या फटीत बोट घातलं, ते पेरापर्यंत आत गेलं. याच फटींत चाकं अडकतात. दगड सगळे एका उंचीचे नाहीत, मधला भाग उंचवट्यासारखा वर आलेला, त्यामुळे सायकलवाले त्या कण्यावरून जायला बघतात, नाहीतर कडेची माती गाठतात. इथे मात्र कडेला लोखंडी कठडे असतात, सुटका नाही.

दोन-तीन तास उभे राहिलो. बटाट्याच्या तळलेल्या काड्या, बिअर, खांद्यावर बसलेली पोरं. आधी हेलिकॉप्टरचा आवाज आला, मग मोटरसायकली, मग धूळ, आणि त्या धुळीतून साखळ्यांचा खडखडाट. पुढचा घोळका डोळ्यांसमोरून गेला तेव्हा त्यांच्या दंडाचं मांस थरथरताना दिसत होतं, इतक्या जवळून. दादा म्हणाला, “झालं? एवढ्यासाठी तीन तास?” आणि निघायला लागला. शेजाऱ्यांनी त्याच्या बाहीला धरून त्याला थांबवलं.

कारण मागचे यायचे होते. सगळ्यात शेवटी एक पोरगा आला, एकटाच. तोंड राखेसारखं, गॉगल काढलेला म्हणून डोळ्यांभोवती तेवढीच दोन पांढरी वर्तुळं. तिथून रूबे अजून पंचाण्णव किलोमीटरच्या आसपास असतं, आणि वेळेच्या मर्यादेत पोचणं त्याला शक्य दिसत नव्हतं. लोकांनी पहिल्यासाठी वाजवल्या तेवढ्याच जोरात त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकालाही त्याचं नाव माहीत नसावं.

हा रस्ता शर्यतीत आला 1968 साली, जाँ स्ताब्लिंस्कीमुळे. तोही पोलिश घरातला, 1962 चा विश्वविजेता. सायकलवर नाव काढण्याआधी तो याच जमिनीखाली कोळसा काढत होता. नंतर त्यानंच आयोजकांना वरचा रस्ता दाखवला. आता रेमों कोपा घ्या. खरं आडनाव कोपाशेव्स्की, जन्म 1931 चा, गाव न्यो-ले-मीन, घर पोलिश खाणकामगाराचं. तोही पोरवयात खाणीत उतरला आणि तिथल्या अपघातात बोटाचा तुकडा गमावून बसला. पुढे रँस या क्लबाकडून 1956 ची पहिली युरोपियन कप फायनल खेळला आणि 1958 चा बॅलन डी’ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, घेतला. एकाच पट्ट्यातली, एकाच पिढीतली, एकाच धंद्यातली दोन पोरं. एकाला सायकलनं वर काढलं, दुसऱ्याला चेंडूनं. तुमच्या दोन प्रश्नांना जोडणारा सायकल आणि फुटबॉलचा संबंध मला विचाराल तर हा आहे. मालकांनी मैदान दिलं, पेपरवाल्यांनी शर्यत दिली, पण ती कुणाची झाली हे मालकाच्या वहीत लिहिलेलं नसतं.

लालबाग-परळच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माझे आणि दादाचे आजोबा एकच, आईचे वडील. ते गिरणीत होते आणि गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. बनियनवर गिरणीचं नाव. म्हणून त्यांची कबड्डी मालकाची जाहिरात होती का? हे मी दादाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “ते वेगळं.” काय वेगळं, ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही.

आणि पीएसजीच हवं असेल तर ऐका. ते ज्या पार्क दे प्रँसवर खेळतात तो मुळात 1897 चा वेलोड्रोम, आणि त्याचा संचालक हाच देग्रांज. टूर 1967 पर्यंत तिथे संपायची. युरोपियन कप, आज ज्याला चॅम्पियन्स लीग म्हणतात ती स्पर्धा, सुचवली लेकिप या क्रीडा दैनिकाच्या गाब्रिएल आनोनं, आणि तेव्हा त्या पेपरचा आणि टूरचा सूत्रधार एकच माणूस होता, जाक गोदे. वर सांगितलेली 1956 ची फायनलही याच पार्क दे प्रँसवर झाली. रँस दोन गोलांनी पुढे होते, रेआल माद्रिदनं 4-3 नं हरवलं. पीएसजी जन्मला 1970 ला, कतारचा पैसा आला 2011 ला. 2025 मध्ये त्यांनी इंटर मिलानला 5-0 हरवून हाच कप नेला. खेळले उत्तम, ते मान्य. पण तो कप ज्या टेबलावर सुचला, तिथे सायकलची माणसं बसली होती.

पैसा गेला की काय उरतं, हे बघायचं असेल तर रूबेला या. 1933 ची फ्रेंच कपची फायनल याच एका शहरातल्या दोन क्लबांत झाली, एक्सेल्सिअरनं रेसिंगला 3-1 नं हरवलं. 1947 ला रूबे-तुर्क्वँ हा संघ फ्रान्सचा विजेता होता. गिरण्या बंद पडल्या, व्यावसायिक फुटबॉलही गेलं. शर्यत राहिली, कारण दगडी रस्ते डांबरात बुजायला लागले तेव्हा लोकांनी संस्था काढून ते वाचवले, आजही स्वयंसेवक गुडघ्यावर बसून दगड बसवतात. लाँसमध्ये खाणी संपल्यावर नगरपालिकेनं क्लबला हात दिला, 1998 ला तो फ्रान्सचा विजेता झाला. स्टेडियमची आसनं गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहेत आणि भरतात.

आता ज्या गोष्टी मी सोडल्या त्या: मार्सेयनं 1993 ला युरोपियन कप जिंकला आणि त्याच मोसमातल्या लाचखोरीत त्यांचं फ्रेंच विजेतेपद गेलं. मालक बेर्नार तापी, ज्याच्या सायकल संघातून बेर्नार ईनो हा सायकलपटू 1985 ची टूर जिंकला होता. 1998 च्या टूरमधलं फेस्तिना या सायकल संघाचं उत्तेजक द्रव्यांचं प्रकरणही सगळ्यांना ठाऊक आहे. कतारच्या पैशाबद्दल मी इथे बोलत नाही, तो प्रश्न गिरणीमालकाच्या पैशापेक्षा खरंच वेगळा आहे. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांताचा माणूस तुम्हाला पूर्ण वेगळं उत्तर देईल.

काय बघावं? एप्रिलमध्ये आरेनबेर, फुकट असतं. लाँसच्या सामन्याचं तिकीट आधीपासून काढा. आणि मागचे सायकलवाले येईपर्यंत कुणाच्याही सांगण्यावरून जागा सोडू नका, विशेषतः गाडीची चावी दादासारख्या कुणाच्या हातात असेल तर.