ट्रेलरच्या न्हाणीत आधी तळ बघा

भाऊ, तुमच्या ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) न्हाणीत गळती आहे आणि तुम्ही नवा शॉवर, गीझर यांचं विचारलंत. नवा शॉवर नंतर घ्या. आधी ट्रेमध्ये (अंघोळीला उभं राहायच्या उथळ तळात) उभं राहून पायाने दाबून बघा. तळ लवत असेल तर खाली आधार नाही. सोलापूर ते अक्कलकोट एवढ्याशा प्रवासाच्या हादऱ्यांतही पाणी जायच्या जाळीभोवती केसासारखी चीर पडू शकते आणि पाणी गुपचूप ट्रेखालच्या प्लायमध्ये मुरतं. ट्रे उचला, प्लाय खडखडीत वाळू द्या (सोलापूरचं ऊन इथे कामाला येतं), कुजलेला भाग कापून बदला, मग ट्रेखाली पोकळी राहणार नाही असा आधार भरा.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- जुन्या सिलिकॉनवर नवं मारतात. ते धरत नाही. सगळं खरवडा, स्पिरिटने पुसा, नवं मारून २४ तास पाणी लावू नका.
- टाइल्स बसवतात. वजन वाढतं, हादऱ्याने सांधे उकलतात. पीव्हीसी शीट लावा.
- खिडकी बंद ठेवून अंघोळ करतात. वाफ कोंडून बुरशी धरते.

शॉवर हातात धरायचा, बटणाचा घ्या: भिजा, बंद, साबण, पुन्हा चालू. पाच-सहा लिटरमध्ये अंघोळ होते. बोअरचं पाणी भरत असाल तर क्षारांनी भोकं बुजतात. अधूनमधून अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून धुवा.

गीझरचं सध्या राहू द्या. गळती थांबली की बोलू.